आधी गोळी, मग पेन्सिल

दक्षिण आफ्रिकेतली शिकारीची मोहीम आटोपून १८३७ साली परतताना कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिसने बैलगाड्यांत काय काय भरून आणलं, त्याची यादी त्यानेच देऊन ठेवली आहे. तिकडच्या शिकारीच्या प्रत्येक चतुष्पाद जातीच्या दोन-दोन अखंड कवट्या. सिंह, क्वागा, झेब्रा, शहामृग यांची कातडी. जिराफांच्या शेपट्या. हत्तींचे आणि पाणघोड्यांचे सुळे. आणि त्याच दमात, जिराफापासून अगदी लहानशा कुरंगापर्यंत शिकाऱ्याला रस वाटेल अशा प्रत्येक जनावराची बारकाईने काढलेली चित्रं.

शेपट्या, सुळे आणि चित्रं एकाच यादीत बसलेली पाहिली की वसाहतकाळातल्या शिकारचित्रांचं निम्मं कोडं सुटतं. जुन्या क्लबांच्या भिंतींवर, लिलावांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ही चित्रं आजही दिसतात. आपण त्यांच्याकडे एक तर सुंदर निसर्गचित्रं म्हणून पाहतो, नाही तर क्रौर्याचा पुरावा म्हणून. दोन्ही नजरांत एक गोष्ट सुटते: ही चित्रं तयार कशी होत? कोण, कधी, कशासमोर बसून काढत असे, आणि रानातल्या वहीपासून लंडनमधल्या छापील पानापर्यंत त्यांचं काय काय होत असे? हॅरिसची मोहीम धरून हा प्रवास पायरीपायरीने पाहता येतो. हॅरिस निवडण्याचं आणखी एक कारण आहे. तो आपल्याकडचा होता, म्हणजे मुंबई इलाख्याच्या नोकरीतला.

केंटमधल्या विटरशॅम गावचा हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोंब इथल्या लष्करी विद्यालयात शिकला आणि १८२३ च्या डिसेंबरात, वयाच्या जेमतेम सोळाव्या-सतराव्या वर्षी, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये लेफ्टनंट झाला. १८२५ साली त्याची नेमणूक खानदेशात झाली. त्या काळचा खानदेश म्हणजे पेशवाई संपून सात वर्षं झालेली, ओसाड पडलेली गावं आणि त्यांच्यापर्यंत येऊन भिडलेलं जंगल. त्याच साली जेम्स औटरम तिथे भिल्ल पलटण उभी करत होता, आणि औटरमचं नाव पलटणीइतकंच वाघांच्या शिकारीसाठीही गाजत होतं. हॅरिसला बंदुकीचं वेड लहानपणापासून होतंच. खानदेशाने ते कमी केलं असण्याची शक्यता नाही.

पण मला बंदुकीपेक्षा त्याच्या हातातल्या पेन्सिलीचं शिक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅमेरा अजून जन्मायचा होता. दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. किल्ल्याचा बुरूज, नदीचा उतार, पुलाची कमान हे सगळं कागदावर आणायचं तर इंजिनिअरने स्वतः काढावं लागे. म्हणून ॲडिसकोंबमध्ये गणिताइतकाच रेखाटनाचा तास पक्का असे. तिथून बाहेर पडलेला माणूस कलावंत असो वा नसो, मापात काढायला शिकलेला असे. हॅरिसच्या जनावरांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं. पाय, मान, शिंगं यांची प्रमाणं तो इमारतीचा नकाशा काढणाऱ्याच्या हाताने मांडतो.

१८३६ मध्ये वैद्यकीय मंडळाने त्याला प्रकृतीसाठी दोन वर्षं केप ऑफ गुड होपला पाठवलं. कंपनीच्या आजारी अधिकाऱ्यांची ही ठरलेली जागा होती. हवा थंड, आणि विलायतेपेक्षा जवळ. बोटीवर त्याला मुंबईच्या मुलकी नोकरीतला विल्यम रिचर्डसन भेटला, तोही शिकारीचा शौकीन. दोघांनी मिळून आतल्या मुलखात जायचं ठरवलं. आजारपणाच्या रजेवर असलेला माणूस बैलगाडीने मकरवृत्तापर्यंत जाऊन येतो, यावरून त्या आजाराबद्दल काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

केपटाऊनमध्ये त्याला नेमका योग्य माणूस भेटला. डॉ. ॲन्ड्र्यू स्मिथ हा लष्करी डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ नुकताच दोन वर्षांची मोहीम संपवून आला होता. स्मिथच्या मोहिमेत चित्रकार पगारी होते: जनावरं काढणारा जॉर्ज फोर्ड आणि देखावे-माणसं काढणारा चार्ल्स डेव्हिडसन बेल. (टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना बेल वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. केपचं १८५३ चं प्रसिद्ध त्रिकोणी तिकीट त्यानेच रेखलं.) म्हणजे मोहिमेबरोबर चित्रकार नेण्याची पद्धत तेव्हा रुळलेली होती. हॅरिसने मात्र दोन्ही कामं स्वतःकडे ठेवली. मारणारा तोच आणि काढणाराही तोच. त्याच्या चित्रांचं सगळं वैशिष्ट्य, आणि सगळी अडचणही, यातच आहे.

मार्ग असा होता. केपटाऊनहून समुद्रमार्गे अल्गोआ उपसागर, तिथून बैलगाड्यांनी ग्राफ-रेनेटवरून ऑरेंज नदी ओलांडून कुरुमानला, मिशनरी रॉबर्ट मॉफॅटच्या ठाण्यावर. तिथवर वसाहतीचा वारा होता. पुढे मुलूख मझिलिकाझीचा.

मझिलिकाझी हा मॅटाबेले लोकांचा राजा, एके काळी झुलूंच्या शाकाचा सरदार. शाकापासून फुटून तो उत्तरेला आला आणि आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात त्याने आपलं राज्य उभं केलं. त्याच्या मुलखात कोणी यावं, कोणत्या वाटेने यावं, कोणत्या वाटेने परत जावं, हे तो ठरवत असे. हॅरिस १८३६ च्या ऑक्टोबरात त्याच्यापुढे हजर झाला. मणी, तांब्याची तार, कोट असं काय काय नजर केलं आणि शिकारीची परवानगी मिळवली. एरवी बंद असलेल्या डोंगराकडच्या वाटेने परतण्याची मुभाही त्याला मिळाली. हॅरिसच्या प्रवासवर्णनात मझिलिकाझीचं चित्र आहे, पण ते एका विचित्र परदेशी राजाचं चित्र म्हणून. ज्याच्या परवान्याशिवाय पुढचं एकही चित्र निघालं नसतं तो हा माणूस, हे पानावरून कळत नाही. हॅरिस तिथे असतानाच मॅटाबेल्यांची आणि उत्तरेकडे सरकणाऱ्या बोअर शेतकऱ्यांची लढाई जुंपली होती. पुढच्या वर्षी बोअरांनी मझिलिकाझीला लिंपोपो नदीपलीकडे रेटलं. हॅरिसने पाहिलेलं राज्य त्याचं पुस्तक छापून होईपर्यंत त्या जागेवर उरलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष शिकार. आपल्याकडच्या शिकारकथा वाचलेल्यांच्या डोळ्यांपुढे हाका येतो: डबे बडवणारे हाकारे, झाडावरचं मचाण, त्यावर बसलेला साहेब, आणि झुडपातून त्याच्या समोर ढकललं जाणारं जनावर. दक्षिण आफ्रिकेच्या उघड्या माळावर हे चालत नाही. तिथे झाडं विरळ, दृष्टी मैलोगणती जाते, आणि कळप धोका दिसताच धूळ उडवत निघतो. म्हणून तिथली रीत घोड्यावरची. घोडा कळपाच्या अंगाला भिडवायचा, एक जनावर वेगळं काढायचं, त्याच्या बरोबरीने दौडायचं आणि अगदी जवळून गोळी घालायची. मग पुन्हा बंदूक भरायची.

खरी मेख या 'पुन्हा भरायची'त आहे. हॅरिसच्या काळातली बंदूक तोंडातून भरावी लागे. आधी नळीच्या तोंडातून मोजलेली दारू ओतायची, मग त्यावर कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, शेवटी चापाखाली स्फोटक टोपी बसवायची. जमिनीवर शांतपणे उभं राहून केलं तरी यात अर्धं मिनिट सहज जातं. दौडत्या घोड्यावर दारू निम्मी सांडते. बंदुकीचा व्यास मोजण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. एक पौंड शिशाच्या किती गोळ्या होतात, तो आकडा म्हणजे बोअर. बारा बोअरची गोळी साधारण ३८ ग्रॅमची, आठ बोअरची ५७ ग्रॅमची, आणि हत्तीसाठी वापरत ती चार बोअरची तब्बल ११३ ग्रॅमची. आकडा लहान तितकी गोळी मोठी. एवढी जड गोळी लागण्याचं कारण असं की काळ्या दारूचा जोर कमी असे आणि शिसं मऊ. जाड चामड्यावर किंवा हाडावर ते चपटं होऊन बसे. म्हणून मोठ्या जनावरांसाठी शिशात कथील मिसळून गोळी कडक करत.

याचा परिणाम काय होई, ते हॅरिसने स्वतःच्या पहिल्या जिराफाबद्दल लिहून ठेवलं आहे. घोडा भिडवून तो त्या उंच जनावराशेजारी पोचला आणि भरत-झाडत राहिला. जिराफ पडला तो सतराव्या गोळीला. त्याआधी जिराफाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हेही त्याने नोंदवलं आहे. त्या काळच्या शिकारसाहित्यात अशी वाक्यं अधूनमधून सापडतात आणि पुढच्याच ओळीला विजयाचा आनंद सुरू होतो. ढोंग म्हणून हे सोडून देता येत नाही. दोन्ही भावना त्या माणसाला खऱ्याच वाटत होत्या, आणि म्हणून ते वाचणं जास्त अस्वस्थ करतं. मॅगलीझबर्ग डोंगरातल्या हत्तीच्या शिकारीनंतरचा प्रसंगही असाच आहे. मारलेल्या हत्तिणीजवळ तिचं पिल्लू राहिलं होतं. ते कळपाच्या मागे न जाता आईभोवती घुटमळत राहिलं आणि तिला मारणाऱ्याच्याच पायांना आपली इवलीशी सोंड गुंडाळू लागलं. हे हॅरिसनेच सांगितलं, कोणी निंदकाने नाही.

जनावर पडलं की घड्याळ सुरू होई. उन्हात प्रेत काही तासांत फुगू लागतं. डोळ्याचा रंग सगळ्यात आधी जातो, मग नाकपुड्यांची आणि ओठांची ओल. गिधाडं वर घिरट्या घालतात, रात्री तरस येतात. मांस हवं असलेली माणसं सुरी घेऊन उभी असतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी मापं, मग रेखाटन, मग कातडी सोलणं, शेवटी कवटी साफ करणं. खांद्यापाशी उंची किती, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी किती, शिंगाच्या कमानीची लांबी किती, हे आकडे आधी टिपले जात. पुस्तकातही प्रत्येक जातीच्या वर्णनात ते येतात. त्यानंतर वहीत बाह्यरेषा, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या रंगांच्या खुणा, डोक्याचं वेगळं मोठं रेखाटन, खुराचं वेगळं. रंग भरण्याचं काम संध्याकाळी गाडीपाशी, किंवा महिन्यांनंतर.

असं काढलेलं जनावर ओळखू येतं. ते जवळजवळ नेहमी बाजूने दिसतं, कारण मापं बाजूनेच घेता येतात. त्याचे चारही पाय नीट मोजता येतात. शिंगं अतिशय अचूक असतात, कारण कवट्या सोबत होत्या आणि घरी बसून पुन्हा पाहता येत होत्या. पण मान खांद्याला जिथे मिळते तिथे काहीतरी ताठ राहून जातं, आणि पोटाचा भार पायांवर पडल्यासारखा वाटत नाही. जमिनीवर आडव्या पडलेल्या देहाला कागदावर उभं करताना भार कुठे जाईल, याचा अंदाजच करावा लागतो. पेंढा भरलेल्या जनावरात नेमका हाच दोष दिसतो, आणि त्याचं कारणही तेच.

हॅरिस यात अगदीच अंध नव्हता. तो दुर्बिणीतून कळप पाहत असे, चरण्याच्या आणि पळण्याच्या तऱ्हा टिपत असे, आणि त्याच्या चित्रांच्या पार्श्वभूमीतल्या छोट्या आकृतींत कधीकधी मुख्य जनावरापेक्षा जास्त जीव असतो. त्या आकृती जिवंत कळपाकडे पाहून आलेल्या आहेत. चित्र हातात आलं तर पुढच्या मोठ्या जनावरावरून नजर काढून मागे क्षितिजापाशी पाहा, अशी माझी शिफारस आहे.

या पद्धतीचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे सेबल हे कुरंग. १८३६ च्या डिसेंबरात मॅगलीझबर्गमध्ये जखमी हत्तीच्या मागावर असताना हॅरिसला दूरवर अनोळखी कुरंगांचा छोटा कळप दिसला. नर जवळजवळ काळे, पोट पांढरं, शिंगं तलवारीसारखी मागे वळलेली. असं जनावर युरोपीय प्राणिशास्त्राच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. हत्ती सोडून तो या कळपाच्या मागे लागला आणि तीन दिवस माग काढल्यावर एक नर त्याच्या हाती आला. तो नमुना पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, १८३८ मध्ये जातीचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं, आणि आजही त्या जातीच्या लॅटिन नावापुढे वर्णनकर्ता म्हणून हॅरिसचं नाव लागतं. मॅटाबेल्यांना आणि तिथल्या त्स्वाना लोकांना हे जनावर आधीपासून चांगलं ठाऊक असणार, हे वेगळं सांगायला नको. 'शोध' लागला तो लंडनला. मात्र एवढं खरं की या एका चित्रामागे कातडं, कवटी, मापं आणि जागा असा पुरावा जोडलेला आहे, आणि म्हणून प्राणिशास्त्रज्ञ ते आजही वापरू शकतात.

त्या तीन दिवसांत माग काढला कोणी? पायाच्या ठशांवरून, चावलेल्या फांद्यांवरून, लेंडीच्या ताजेपणावरून कळपाचा पत्ता लावणारी माणसं खोइखोइ जमातीची आणि स्थानिक होती. गाड्या हाकणारी, घोडे सांभाळणारी, सोलणारी, कवट्या उकळणारी माणसंही तीच. हॅरिसच्या मजकुरात ती येतात, बहुतेक वेळा थट्टेचा विषय म्हणून. भित्री, आळशी, मांसाला हपापलेली. चित्रांत ती आली तर कडेला, बोटभर उंचीची. आपल्या शिकारचित्रांतल्या हाकाऱ्यांची आणि पाग्यांचीही हीच गत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे नवीन वाटणार नाही.

आता वही रानातून शहरात येते. हॅरिसच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती लंडनला छापली गेली असेल असं वाटेल, पण ती निघाली मुंबईत. रजा संपवून तो परतला आणि १८३८ मध्ये त्याचं प्रवासवर्णन अमेरिकन मिशन प्रेसने छापलं. मराठी मुद्रणाचा इतिहास माहीत असणाऱ्यांना हा छापखाना परका नाही. गणपत कृष्णाजींनी छपाईचे धडे गिरवले ते याच छापखान्यात, आणि पुढे १८३१ साली त्यांनी छापलेलं पंचांग शिळाछापाचं होतं. म्हणजे हॅरिसची चित्रं ज्या तंत्राने जगभर गेली, ते तंत्र त्याच्या पुस्तकाच्या सात वर्षं आधी मुंबईत तिथी-नक्षत्रं छापत होतं.

लंडनची आवृत्ती १८३९ मध्ये आली आणि १८४० मध्ये तो भव्य चित्रसंग्रह: दक्षिण आफ्रिकेतल्या शिकारीच्या आणि वन्य प्राण्यांची ३० मोठी, हाताने रंगवलेली शिळाछाप चित्रं, शिवाय प्रकरणाअखेरीची छोटी चित्रं वेगळी. शीर्षकपानावर म्हटलं आहे की ही चित्रं जनावरांच्या मूळ ठिकाणी, जिवंतावरून काढली आहेत. त्याच पानावर दुसरं नाव आहे, फ्रँक हॉवर्डचं. दगडावर चित्र उतरवणारा तो. हॉवर्ड हा लंडनचा चित्रकार, रॉयल अकॅडमीच्या हेन्री हॉवर्डचा मुलगा. त्याच्यासमोर आफ्रिकेचा माळ नव्हता, हॅरिसचे कागद होते.

शिळाछाप म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण चित्राचं काय होतं हे त्यावर अवलंबून आहे. बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही रीत एका साध्या गोष्टीवर चालते: तेल आणि पाणी मिसळत नाहीत. बारीक पोताच्या चुनखडी दगडाचा पृष्ठभाग घासून सपाट करायचा. त्यावर मेण-चरबीच्या काळ्या कांडीने चित्र काढायचं, तेही उलटं, कारण कागदावर डावं उजवं होऊन उमटतं. मग डिंक आणि सौम्य आम्ल यांचं मिश्रण फिरवायचं. त्याने चित्र दगडात पक्कं बसतं आणि मोकळी जागा पाणी धरू लागते. दगड ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चरबीच्या रेषांना चिकटते. कागद ठेवून दाबला की ठसा तयार. कोरायला काहीच लागत नाही, आणि पेन्सिलीच्या रेघेचा खरखरीतपणा जसाच्या तसा येतो.

याआधीच्या पिढीत तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने खोदून ॲक्वाटिंट करत. सॅम्युअल डॅनिएलची आफ्रिकेतली जनावरं त्याच रीतीची. वेरूळच्या लेण्यांची चित्रं ज्या डॅनिएल घराण्याने छापली, त्यांतलाच हा. तांब्यावर काम करायला कसबी कोरक्या लागे. दगडावर कोणताही चांगला चित्रकार थेट काढू शके, आणि म्हणूनच १८२० नंतर प्रवासचित्रांचा पूर आला.

पण उतरवणारा हात दुसऱ्याचा असला की चित्र बदलतं. हॉवर्ड इतिहासचित्रांच्या शिस्तीत वाढलेला. त्याला रचना हवी: पुढे मुख्य पात्र, मागे डोंगर, आकाशात ढगांचा तोल. त्यानंतर रंग. एका नमुना प्रतीवरून रंगकाम करणारे लोक प्रत्येक प्रतीला हाताने जलरंग देत, आणि एकाच चित्राच्या दोन प्रतींत गवताचा हिरवा रंग वेगळा निघे. म्हणून अशा चित्रातल्या केसांच्या छटेवर शास्त्रीय निष्कर्ष काढू नये. शिंगाच्या वळणावर काढायला हरकत नाही. एक टोकाचं उदाहरण भारताचं आहे. थॉमस विल्यमसनचा १८०७ चा भारतीय शिकारीवरचा ग्रंथ, ४० रंगीत चित्रांचा, शिकारचित्रांचा मानदंड समजला जातो. त्यातली चित्रं सॅम्युअल हॉविटने विल्यमसनच्या रेखाटनांवरून बनवली, आणि हॉविटने भारतात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या वाघांत काहीतरी विलायती कुत्र्यासारखं दिसतं ते उगाच नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते धावपळीचं चित्र: उधळलेला घोडा, वळलेला हत्ती, रोखलेली बंदूक. एक साधा प्रश्न विचारावा. चित्रातला शिकारी जर स्वतः चित्रकारच असेल, तर हे दृश्य बघत कोण उभं होतं? कोणीच नाही. ते आठवणीतून, आणि आधीच्या शिकारचित्रांच्या वळणावर, नंतर रचलेलं असतं. म्हणून त्यात धूर नेमका तेवढाच असतो जेवढ्याने चेहरा झाकला जात नाही. खऱ्या काळ्या दारूचा एक बार झाडला की समोरचं काही क्षण दिसत नाही. जनावर नेहमी शिकाऱ्याकडे वळलेलं असतं, जरी मजकुरात ते बहुतेक वेळा पळत असतं. सतरा गोळ्यांची शिकार चित्रात एका गोळीची होते, कारण चित्राला एकच क्षण मिळतो आणि तो निवडणारा शिकारीच असतो. मजकूर आणि चित्र शेजारी ठेवून वाचावेत. हॅरिसची लेखणी त्याच्या कुंचल्यापेक्षा जास्त कबुली देते.

या पुस्तकांचा परिणाम पुढच्या पिढीवर झाला. हॅरिसच्या आधी आतल्या मुलखात जाणारे लोक हस्तिदंत, मांस, व्यापार, धर्मप्रसार किंवा संशोधन यांसाठी जात. निव्वळ शिकारीच्या हौसेखातर मोहीम काढून तिचा देखणा ग्रंथ करणाऱ्यांत तो अगदी पहिल्यांपैकी. मद्रास घोडदळात काही काळ काढलेला रुआलिन गॉर्डन-कमिंग १८४३ नंतर पाच वर्षं त्याच टापूत फिरला आणि नंतर लंडनमध्ये आपल्या शिंगा-कातड्यांचं प्रदर्शन मांडून प्रसिद्धी आणि पैसा दोन्ही कमावले. हॅरिस स्वतः १८४१ मध्ये मुंबई सरकारचा वकील म्हणून इथिओपियातल्या शोआच्या दरबारी गेला. यावेळी मात्र योहान मार्टिन बर्नाट्झ नावाचा जर्मन चित्रकार अधिकृतपणे सोबत होता. त्या कामगिरीबद्दल हॅरिसला 'सर' किताब मिळाला. ९ ऑक्टोबर १८४८ रोजी पुण्याजवळ तापाने त्याचं निधन झालं.

त्याने काढलेल्या जनावरांचं पुढे काय झालं, हे क्वागावरून पाहता येईल. पुढच्या अर्ध्या अंगावर झेब्र्याचे पट्टे, मागचं अंग तपकिरी, पाय पांढरे असं हे जनावर हॅरिसला कळपांनी भेटलं. वसाहतीतल्या शेतकऱ्यांनी कातड्यासाठी, मजुरांना घालायच्या मांसासाठी, आणि मेंढ्यांचं कुरण मोकळं व्हावं म्हणून ते मारलं. १८७० च्या दशकात ते रानातून संपलं आणि शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जिवंत क्वागाचे फोटो आहेत ते एकाच मादीचे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या. जगभरात भरलेली कातडी आहेत २३. त्यामुळे हॅरिसचं क्वागाचं चित्र आज वारंवार छापलं जातं. १९८४ मध्ये एका जुन्या कातड्याच्या तुकड्यातून क्वागाचा डीएनए वेगळा काढला गेला. नामशेष प्राण्याच्या बाबतीत असं प्रथमच घडलं. पुढच्या अभ्यासांतून क्वागा हा साध्या झेब्र्याचाच एक दक्षिणी प्रकार होता हे स्पष्ट झालं. म्हणजे हॅरिसच्या यादीतल्या कातड्यांनी आणि चित्रांनी मिळून शास्त्राचं काम केलं खरं. मात्र ते काम हे मारण्याचं नंतर शोधलेलं समर्थन आहे. एकेका जातीच्या दोन कवट्या पुरल्या असत्या, आणि तो दोनांवर थांबला नव्हता.

अशी जुनी छापील चित्रं पुढे कधी हाती आली, तर चौकटीच्या खालची बारीक अक्षरं आधी वाचा. सहसा डाव्या कोपऱ्यात मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव असतं आणि उजव्या कोपऱ्यात ते दगडावर किंवा तांब्यावर उतरवणाऱ्याचं. दोन नावं वेगळी असतील, तर त्या दोघांपैकी रानात कोण गेलं होतं आणि जनावर त्याच्यासमोर उभं होतं की आडवं, एवढं शोधून मगच चित्रावर विश्वास किती ठेवायचा ते ठरवा.